धूर परत का येतो?

१. चूल तीच, मग बिघडले काय?

निर्धूर चूल वापरणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. चूल बसवली तेव्हा पहिले काही महिने डोळे चुरचुरले नाहीत, भिंत काळी झाली नाही. वर्ष उलटले आणि धूर पुन्हा चुलीच्या तोंडातून बाहेर यायला लागला. चुलीला तडा नाही, नळ जागच्या जागी आहे, सरपणही पूर्वीचेच आहे. मग बिघडले काय? बहुतेक घरांत याचे उत्तर ‘या चुली टिकतच नाहीत’ असे मिळते. यथावकाश नळ उपटला जातो, छपराचे भोक बुजवले जाते आणि तीन दगडांची चूल पुन्हा पेटते. माझे म्हणणे असे की ही चूल बहुधा बिघडलेली नसतेच, ती तुंबलेली असते. आणि ती तुंबावी याची सोय ती बांधली त्याच दिवशी झालेली असते, कारण काजळी कुठून काढायची, कोणी काढायची आणि किती दिवसांनी काढायची याचा विचार चूल बांधणाऱ्याने केलेलाच नसतो.

हे नुसत्या तर्काने म्हटलेले नाही. ओडिशात ‘ग्राम विकास’ या संस्थेने धुराड्याच्या सुधारित चुली बांधून दिल्या, तेव्हा रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. चूल कोणाला आधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते, त्यामुळे चूल मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची सरळ तुलना करता आली. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाल्याचे मोजमापात दिसले. पुढे मात्र दोन्ही प्रकारच्या घरांत फरक उरला नाही. प्रयोगशाळेत चांगली ठरलेली चूल घरात हरली ती का? लोकांनी ती नेमाने वापरली नाही, तिची डागडुजी आणि साफसफाई केली नाही, आणि हळूहळू वापर सुटत गेला. सुधारित चुलींचे टीकाकार या अभ्यासाकडे बोट दाखवतात ते चूल निकामी आहे हे सांगायला. मला त्यात उलटेच दिसते. पहिल्या वर्षी धूर कमी झाला याचा अर्थ चूल आपले काम करत होती. नंतर आटली ती तिची निगा.

आपल्याकडे चुलीवर डोके चालवणाऱ्यांची परंपरा लहान नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९४०च्या दशकात ‘मगन चूल’ पुढे आणली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली धूररहित स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम काढला आणि २००२मध्ये तो आवरता घेतला, तोवर देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. नोंद झाली ती बसवलेल्या चुलींची. सरकारी उद्दिष्ट बसवण्याचे असते. धुराडी झाडण्याचे उद्दिष्ट कोणी कुणाला देत नसते.

२. धुराड्याची ताकद किती?

धुराडे धूर ओढून घेते असे आपण म्हणतो, पण नळात ओढणारे असे काहीच नसते. होते ते एवढेच की नळातली तापलेली हवा बाहेरच्या हवेपेक्षा हलकी असते. बाहेरची गार, जड हवा चुलीच्या तोंडातून आत घुसते आणि हलक्या हवेला वर ढकलते. धूर त्या रेट्याबरोबर जातो. म्हणजे धुराड्याचा सगळा कारभार दोन हवांच्या वजनातल्या फरकावर चालतो, आणि हा फरक किती असतो हे एकदा मोजून पाहिले की पुढचे सगळे आपोआप समजते.

तीस अंश तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.१६ किलो भरते. तीच हवा १५० अंशांपर्यंत तापली की तेवढ्याच जागेत ०.८३ किलोच मावते. फरक सुमारे एक तृतीयांश किलोचा. आता धुराडे तीन मीटर उंच आहे असे धरू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असा हवेचा खांब कल्पिला तर त्यात तीन घनमीटर हवा येते, म्हणजे बाहेरचा गार खांब आतल्या तापलेल्या खांबापेक्षा एक किलोने जड झाला. एक किलो म्हणजे एक लिटर पाणी. ते एक चौरस मीटर फरशीवर सारखे पसरले तर थर होईल फक्त एक मिलिमीटरचा. धुराड्याचा सगळा जोर तो एवढाच, एक मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतका. आतला धूर १५० ऐवजी ८० अंशांचाच असेल, तर हा जोर अर्ध्यावर येतो.

इतक्या तुटपुंज्या बळावर चालणाऱ्या गोष्टीला अडथळा चालत नाही हे वेगळे सांगायला नको. नळाच्या टोपीवर कोळ्याने विणलेले आणि काजळीने जड झालेले जाळेसुद्धा तिला अडवायला पुरते. नळाच्या जोडातली फटही तितकीच घातक, पण वेगळ्या कारणाने: तिथून धूर बाहेर येत नाही, उलट बाहेरची गार हवा आत शिरते, नळातला धूर निवतो आणि वर ढकलणारा जोर कमी होतो. थंडीच्या दिवसांत पहाटे चूल पेटवताना पहिली काही मिनिटे धूर घरात येतो तोही याचमुळे. नळ गार असतो, वजनाचा फरक अजून पडलेला नसतो. त्यावर उपाय सोपा आहे. धुराड्याच्या बुडाशी आधी एक कागद पेटवून नळ कोमट करायचा आणि मग सरपण लावायचे.

३. काजळी हे न जळलेले जळण आहे

लाकूड जळते असे म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो. तापलेल्या लाकडातून आधी वायू आणि वाफा निघतात, आणि आपण पाहतो ती लवलवती ज्वाळा त्या वायूंची असते. सुक्या लाकडाच्या वजनातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग असा वायुरूपाने निघून जातो. उरतो तो कोळसा आणि शेवटी राख. हे वायू पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात: भरपूर हवा, पुरेशी उष्णता आणि जळायला थोडा अवकाश. यातले एकही कमी पडले की वायू अर्धवट जळतात. अर्धवट जळलेल्यातला कोरडा भाग म्हणजे काजळी, आणि ओला, चिकट भाग म्हणजे डांबरासारखा द्रव. दोन्ही धुराबरोबर नळात चढतात. उन्हाळ्यात गार पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून जसे थेंब धरतात, तसा हा द्रव नळाच्या गार भिंतीवर जमतो, त्यावर काजळी चिकटते, तिच्यावर पुन्हा द्रव. साधारण १२० अंशांच्या खाली धूर निवला की हे थर भराभर वाढतात. म्हणून नळाचा वरचा, छपराबाहेर वाऱ्यावर राहिलेला भाग आतून सर्वांत आधी बरबटतो.

ओल्या सरपणाला दोष दिला जातो तो योग्यच आहे, पण त्याचे कारण बहुधा अर्धेच सांगितले जाते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा एक किलो लाकडात अर्धा किलो पाणी आणि अर्धा किलो खरे जळण. पूर्ण सुक्या लाकडापासून किलोमागे सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे या अर्ध्या किलोपासून नऊ. अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सव्वा मेगाज्यूलच्या वर खर्ची पडते. हिशोबाने सातवा हिस्सा पाण्यात गेला. तोटा आहेच, पण फार मोठा नव्हे. खरा तोटा असा की ही वाफ ज्वाळेलाच गार करते आणि उरलेले वायू न जळताच नळाची वाट धरतात. वर्षभर सावलीत, वारा लागेल असे रचलेले सरपण आणि पावसात भिजलेला भारा यांच्यातला फरक भाकरीला जाणवायच्या आधी नळाला जाणवतो.

नळातल्या थराची तीन रूपे असतात आणि ती ओळखता येणे महत्त्वाचे, कारण प्रत्येकाची साफसफाई वेगळी. पहिले रूप मऊ, मखमली भुकटीचे. बोट फिरवले की निघते. दुसरे कुरकुरीत पापुद्र्यांचे, जे खरवडावे लागते. तिसरे सर्वांत वाईट: काळा, चकाकणारा, काचेसारखा कडक लेप. खिळ्याने ओरखडा काढून पाहावा. भुकटी झडली आणि खाली माती किंवा पत्रा दिसला तर काळजी नाही. खिळा घसरला आणि थर तसाच चमकत राहिला तर सरपण किंवा जाळायची पद्धत यांत काहीतरी मूलभूत चुकते आहे, आणि नुसत्या झाडण्याने ते सुटणार नाही.

याच जागी आपल्याकडच्या तांब्याच्या बंबाचा विचार करण्यासारखा आहे. आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या बंबात मधोमध उभी नळी असते, खाली जाळी, आणि भोवती पाणी. नळीची भिंत पाण्याला लागून असल्यामुळे ती कधी फार तापत नाही. आत जाळ कितीही असो, भिंत पाण्याच्या तापमानाच्या आसपासच राहते. म्हणजे काजळी धरायला याहून अनुकूल जागा शोधून सापडणार नाही. तरीही बंब कधी ‘बिघडत’ नाही. कारण उघड आहे. नळी सरळ, दोन्ही तोंडे उघडी, जाळी हाताने उचलून काढता येते, आणि वरून डोकावले की आतला थर दिसतो. जुने फडके काठीला बांधून दोन फेरे मारले की काम झाले. याउलट दोन तोंडांच्या निर्धूर चुलीत चुलीकडून वैलाकडे, म्हणजे दुसऱ्या तोंडाकडे, आणि वैलाकडून नळाकडे जाणारा आडवा बोगदा मातीच्या पोटात असतो. तो दिसत नाही. दिसत नाही म्हणून झाडला जात नाही, आणि सर्वांत आधी तुंबतो तो तोच, कारण आडव्या वाटेत धुराची गती मंदावते आणि राख खाली बसते. बंब आणि निर्धूर चूल यांच्यातला हा फरक मला सगळ्या विषयाची गुरुकिल्ली वाटतो. काजळी दोघांनाही धरते. एकाची हाताला लागते, दुसऱ्याची लागत नाही.

४. एक सेंटिमीटर थराने काय होते?

सुधारित चुलींना अनेक ठिकाणी तीन इंची नळ बसवले गेले. तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर. आतून सगळीकडे एक सेंटिमीटर थर बसला तर व्यास उरला साडेपाच. ऐकायला फरक लहान वाटतो. पण धूर जातो तो व्यासातून नव्हे, गोलाच्या क्षेत्रातून. आधी क्षेत्र ४४ चौरस सेंटिमीटर होते, आता जेमतेम २४ उरले. निम्म्याच्या आसपास वाट बंद. त्यात खडबडीत थरावर घासत जाणाऱ्या हवेला होणारा विरोध वेगळाच. हाच एक सेंटिमीटर सहा इंची नळात बसला असता तर वाटेचा चौथा हिस्साच गेला असता. अरुंद नळ स्वस्त पडतो, पण तो किती वेळा झाडावा लागेल याची किंमत वेगळ्या खात्यात मांडली जाते आणि ती चूल वापरणारीने भरायची असते.

दुसरा परिणाम दिसत नाही म्हणून अधिक गंभीर. वाट अडली की चुलीत हवा कमी येते, जाळ मंदावतो, धूर वाढतो, आणि त्यातून थर आणखी जाड होतो. एकदा सुरू झाले की हे चक्र आपणहून थांबत नाही. मंद जाळातून कार्बन मोनॉक्साइड अधिक निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. दारे लावून झोपायच्या खोलीत जिथे शेगडी किंवा बुखारी पेटवतात, तिथे तुंबलेला नळ ही अस्वच्छतेची नव्हे, जिवाची बाब होते.

५. झाडायचे कसे

काम सुरू करायचे ते चूल पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे आदल्या संध्याकाळी विझवलेल्या चुलीवर दुसऱ्या दिवशी. राखेच्या पोटात निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतात, तेव्हा राख पोत्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत न भरता लोखंडी घमेल्यात काढावी आणि घमेले अंगणात ठेवावे. धान्याचे डबे, पाण्याची भांडी झाकून घ्यावीत. नाकातोंडावर चांगला मास्क हवा. पदर किंवा रुमाल बारीक काजळी अडवत नाही. काजळी म्हणजे घाण, धुतली की गेली, असे समजू नये. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी झाडणाऱ्या माणसांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, आणि कामाच्या ठिकाणची एखादी वस्तू कर्करोगाला कारण होते हे दाखवणारे ते पहिल्या काही निरीक्षणांपैकी होते. लहान मुलांना नळकांड्यात उतरवण्याचा तिथला धंदा पुरता बंद पडायला त्यानंतर आणखी शंभर वर्षे लागली. घरच्या चुलीची काजळी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा काढणाऱ्याला घाबरून जायचे कारण नाही, पण ती कोरडी उडवायची नाही, नंतर हातपाय साबणाने धुवायचे आणि कामाचे कपडे वेगळे ठेवायचे, एवढे पाळलेच पाहिजे.

चुलीची तोंडे ओल्या गोणपाटाने झाकून घ्यायची, म्हणजे वरून पडणारी काजळी घरभर होत नाही. नळाची टोपी काढायची. नळाच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठा असा काथ्याचा किंवा गोणपाटाचा घट्ट बोळा दोरीच्या मधोमध बांधायचा आणि दोरीच्या एका टोकाला दगड. दगडाचे टोक वरून नळात सोडायचे, खाली एकाने धरायचे, वर दुसऱ्याने, आणि बोळा चार-सहा वेळा वरखाली ओढायचा. पत्र्याच्या नळाला तारेचा ब्रशही चालतो. मात्र जुन्या सिमेंटच्या नळांत पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्यावर तारेचा ब्रश किंवा खरवडणी कधीही चालवू नये, कारण सुटणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. असा नळ हलक्या हाताने, ओल्या बोळ्याने पुसावा, आणि तडकला असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता पत्र्याचा नवा नळ बसवावा.

वरून काम झाले की बहुतेक लोक थांबतात, आणि इथेच सगळे फसते. नळातून सुटलेली काजळी बुडाशी साचलेली असते आणि आडवा बोगदा अजून तसाच असतो. वैलाच्या तोंडातून हात घालून, लांब दांड्याच्या पळीने बुडाचा ढीग बाहेर काढायचा. मग वैल आणि चूल यांच्यामधल्या वाटेत काठीला बांधलेले फडके दोन्ही बाजूंनी फिरवायचे. बोगद्याच्या तळाशी राखेचा कडक पापुद्रा असतो; तो उलथन्याच्या टोकाने उचकटला तर आकाराने अख्खा निघतो. बुडाशी सफाईचे भोक असेल तर त्यात छोटा आरसा तिरका धरून पाहावे. सरळ नळात वरचा उजेड गोल, पूर्ण दिसला पाहिजे; एका बाजूने खाल्लेला दिसला तर तिथे थर उरला आहे. शेवटी ते भोक ओल्या मातीने लिंपून बंद करायचे, नाहीतर वर सांगितलेली गार हवा तिथूनच शिरेल. नळ कागदाने कोमट करून चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरली की निकाल लगेच कळतो: धुराची रेघ आत वळली तर वाट मोकळी, सरळ वर गेली किंवा अंगावर आली तर अजून कुठेतरी अडले आहे.

किती दिवसांनी झाडायचे? ‘दर पंधरा दिवसांनी’, ‘वर्षातून एकदा’ असे ठोकळ नियम सांगितले जातात, पण बाभळीच्या सुक्या फाट्यांवर चालणारी चूल आणि तुराट्या-पऱ्हाट्या-शेण्यांवर चालणारी चूल यांना एकच नियम लावणे शहाणपणाचे नाही. अमेरिकेत घरगुती धुराड्यांसाठी एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर थर झाला की झाडावे असा सल्ला दिला जातो. तो आपल्याला उपयोगी पडतो. पहिल्यांदा झाडल्यावर महिन्याने खिळ्याने थर मोजावा. तीन मिलिमीटरपेक्षा बराच कमी असेल तर मुदत दुप्पट करावी, जास्त असेल तर निम्मी. दोन-तीन फेऱ्यांत आपल्या घराचा, आपल्या सरपणाचा नियम आपल्याला सापडतो.

लोखंडी बंद शेगड्यांबद्दल थोडे. काश्मीरमधली बुखारी, हिमाचलातला तंदूर, आणि अमेरिका-कॅनडात घर घेतलेल्या मराठी माणसाला घराबरोबर मिळणारा लाकडाचा स्टोव्ह, यांचे शास्त्र हेच. धोका मात्र मोठा. रात्रभर ऊब राहावी म्हणून त्यांची हवेची झडप जवळजवळ बंद करून ठेवतात, लाकूड धुमसत राहते आणि तो चकाकणारा लेप तयार होतो. हा लेप पेटला तर नळात हजार अंशांच्या वर आग भडकते, तिचा घोंघावता आवाज येतो. अशा वेळी झडप आणि दार बंद करून हवा तोडायची, सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि अग्निशमन दलाला बोलवायचे. नळात पाणी ओतायचे नाही, तापलेला नळ त्याने फुटतो. त्या शेगड्यांत हिवाळ्यात इंचभर राखेची गादी ठेवणे फायद्याचे असते. आपल्या मातीच्या चुलीत ते उलटे: साचलेली राख लाकडाखालची हवा अडवते, म्हणून ती रोजच्या रोज काढलेली बरी. निव्वळ लाकडाची राख भांडी घासायला, बियाण्यात मिसळायला, उकिरड्यावर टाकायला चालते. नळातली काजळी यांपैकी कशालाच वापरू नये.

६. यावरचे आक्षेप

पहिला आक्षेप येतो तो गॅसचा. उज्ज्वला योजना २०१६मध्ये सुरू झाली, घरोघरी सिलिंडर पोचले, आता चुलीच्या नळाचा घोळ कशाला? सिलिंडर पोचले हे खरे आहे आणि चांगलेही आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात सुमारे ५९ टक्केच भरली. शिवाय गॅस असलेल्या घरातही आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, लग्नाकार्याचा स्वयंपाक आणि पुष्कळदा भाकरी चुलीवरच होते. फुकट मिळणारे जळण समोर पडले असताना सिलिंडर जपून वापरणे हा हिशोब बायका अचूक करतात. चूल जाईपर्यंत तिचा नळ मोकळा ठेवणे यात गॅसला विरोध कुठे येतो?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. धूर निव्वळ त्रासदायक नसतो. गवताच्या छपराला, लाकडी वाशांना तो कीड लागू देत नाही, चुलीवर टांगलेली मक्याची कणसे आणि बियाणे धुराने टिकते. हे खरे आहे, आणि शहरात बसून चुलीचे आराखडे काढणाऱ्यांनी ते फार काळ लक्षात घेतले नाही. पण याचा निष्कर्ष असा निघत नाही की स्वयंपाक करणारीने दिवसातले तीन-चार तास तो धूर छातीत घ्यावा. बियाण्याला राखेत ठेवता येते, छपराला वर्षातून ठराविक दिवशी मुद्दाम धुरी देता येते. फुप्फुसाला असा दुसरा मार्ग नसतो.

तिसरे म्हणणे आळशी आहे, तरी प्रचलित आहे: जोराचा जाळ केला की काजळी आपोआप जळून जाते. भुकटीचा पातळ थर काही प्रमाणात जळतो हे मान्य. पण थर जाड असेल तर भडकते ती धुराड्यातली आग, आणि तिच्या शेजारी गवत किंवा वासे असतात. मीठ किंवा बाजारातल्या पुड्या जाळात टाकण्याचेही तसेच. काही पुड्यांनी कडक लेप ठिसूळ होतो, पण ठिसूळ झालेला लेप शेवटी झाडूनच काढावा लागतो. आणि मिठाने पत्र्याचा नळ गंजतो.

राहिला चौथा, जो मोठ्याने कोणी बोलत नाही. बाईला आधीच कामे थोडी आहेत का, त्यात हे एक? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. चूल बायका सारवतात, पेटवतात, फुंकतात; पण धुराड्याची टोपी छपरावर असते, आणि छपरावर चढणे हे घरोघर पुरुषाचे काम मानलेले आहे. ज्याचे डोळे धुराने चुरचुरत नाहीत त्याच्या सवडीवर नळाची सफाई अवलंबून राहते, आणि ती सवड येत नाही. ओडिशातल्या आकड्यांमागे याचाही वाटा असावा असे मानायला जागा आहे. प्रबोधनाची भित्तिपत्रके लावून हे सुटणार नाही. हे सुटेल ते बांधकामातून.

७. बांधतानाच

नवी चूल घालताना, किंवा जुनी पाडून परत लिंपताना, गवंड्याला किंवा कुंभाराला चार गोष्टी सांगाव्यात. नळ किमान चार इंची घ्यावा आणि सरळ उभा, वाकणाशिवाय जावा. नळाच्या बुडाशी, जमिनीवर बसून हात पोचेल अशा उंचीवर, मूठ आत जाईल एवढे सफाईचे भोक ठेवावे आणि त्याला बसेल असे मातीचे किंवा पत्र्याचे गोल झाकण त्याच दिवशी करून घ्यावे. नंतर करू म्हटलेले झाकण कधी होत नाही. वैलाखालचा बोगदा वरून बंद न करता त्यावर उचलता येणारी सपाट फरशी ठेवावी आणि कडा मातीने लिंपाव्यात, म्हणजे सारवण्याच्या दिवशी फरशी उचलून आतली राख हाताने काढता येते. आणि काठीला बांधलेला ब्रश त्या बुडाच्या भोकातून तिरका वर घालून नळाच्या टोकापर्यंत पोचतो का, हे माती ओली असतानाच करून पाहावे. पोचत नसेल तर भोक थोडे मोठे करायला तेव्हा पाच मिनिटे लागतात. वेताची किंवा बांबूची लवचिक कामटी यासाठी लोखंडी सळीपेक्षा बरी पडते, कारण ती भोकाशी वाकते आणि नळात सरळ होते. खालून झाडता येणाऱ्या नळासाठी कोणालाही छपरावर चढावे लागत नाही; टोपी तेवढी वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी छप्पर शाकारायला कोणी चढेल तेव्हा, काढून जाळे झटकून परत बसवावी. टोपी आणि नळाचे तोंड यांत निदान नळाच्या व्यासाइतके अंतर राहील असे पाहावे, आणि छपरातून नळ निघतो तिथली जागा पत्र्याची चकती घालून बुजवावी, कारण पहिल्याच पावसात काजळीचे काळे पाणी नळावरून ओघळते ते तिथूनच.